डावा कोपरा

सुरतेच्या एका कॉलेजात कबड्डीची साखळी शिकवणं, एवढंच माझं काम. चढाई शिकवणारे सर वेगळे होते. त्यांच्या मुलांचे फोटो पेपरात यायचे, माझ्या मुलांचे गुडघे फुटायचे. चढाई करणारा एकटा जातो, तो दिसतोच. पकड करणारे एकमेकांचे हात धरून उभे असतात, त्यांच्याकडे कोण बघणार? मीही मुलांना वर्षानुवर्षं बजावलं, की जो डोळ्यांत भरतो तो साखळीतला नव्हे. मोठा शहाणा लागून गेलो होतो.

नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी डाव्या कोपऱ्यावर माझा एक पोरगा होता. मूळचा धुळ्याकडचा, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर कापडाच्या लूमवर. त्या खडखडाटाने एकविशीतच त्याचे कान जड झाले होते. शेजारचा "धर" म्हणून ओरडला तरी त्याला उशिरा कळायचं. म्हणून मी आमच्या साखळीचं डाव्या बाजूचं बोलणंच हातावर आणलं. शेजाऱ्याने हात एकदा दाबला की थांब, दोनदा दाबला की घुस. लूमवाले एरवीही खाणाखुणांनीच बोलतात, त्याला ते दोन दिवसांत जमलं. डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, त्या आवाजात आणखी राहिला तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल.

फायनलला हजिऱ्याच्या एका कंपनीचे साहेब आले. त्यांना आपल्या संघासाठी दोन मुलं हवी होती, नोकरी कायमची. सामन्याआधी पोराने माझ्याकडे एकच चढाई मागितली, निदान साहेबांना दिसेन म्हणाला. मी नाही म्हटलं आणि वर माझं ते ठरलेलं वाक्य ऐकवलं.

शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने पुढे होतो. समोरचा दोघांना शिवून परतला की संपलं. तो डावीकडे वळला. आमचे बाकीचे ओरडत होते, पोरगा मात्र गप्प, जागचा हलला नाही. शेजाऱ्याचा हात दोनदा आवळलेला मी पाहिला आणि त्याच क्षणी पोराने खाली झेप घेऊन घोटा धरला. मग बाकीचे तिघे वर कोसळले. ढिगाखालून चढाईवाल्याचा हात मध्यरेषेकडे सरकत होता. वीतभर राहिलं, मग चार बोटं राहिली, आणि शिट्टी झाली.

जो सगळ्यांत वर पडला होता त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. साहेबांच्या वहीत त्याचं नाव लागलं, आणि दुसरं त्या हरलेल्या चढाईवाल्याचं. मी टेबलापाशी जाऊन डाव्या कोपऱ्याबद्दल बोललो.

"वो तो खडा ही था, मास्टर," साहेब म्हणाले. "सब चिल्ला रहे थे, वो अकेला चुप."

गप्प राहायला त्याला मीच शिकवलं होतं. का ते सांगावं, तर कानांचं सांगावं लागणार, आणि मग कंपनी त्याला कशाला घेईल? इकडे आड, तिकडे विहीर. पोरगा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. आमचं बोलणं त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. त्याला वाटलं, मी त्याच्या पकडीबद्दल नाराज आहे. हळूच म्हणाला, "सर, मना हात सुटना नही."

चढाईवाल्याला कोणी पकडलं हे खात्रीने सांगू शकणारा मैदानावर एकच माणूस होता, जो पकडला गेला तो. मी त्याच्याकडे गेलो. तो घोटा चोळत बसला होता. वहीत त्याचं नाव आहे हे त्याला माहीत होतं, मलाही. तरी मी विचारलं, तुला आधी कोणी धरलं ते साहेबांना सांगशील का. लाज वाटत होती, पण विचारलं. तो उठला, लंगडत टेबलापाशी आला आणि पाय खुर्चीवर ठेवला. घोट्यावर चार बोटं लाल उमटली होती.

"मने एणे पकड्यो," तो माझ्या पोराकडे बोट दाखवून म्हणाला.

साहेबांनी घोट्याकडे पाहिलं, पोराच्या हाताकडे पाहिलं. मग वहीतलं दुसरं नाव खोडून खाली नवीन लिहिलं. चढाईवाल्याने ते खोडताना पाहिलं, पाय खाली घेतला, घोट्यावरची माती झटकली आणि आपल्या संघाकडे निघून गेला.

पोरगा महिन्याभरात हजिऱ्याला रुजू झाला. मी पुढेही साखळीच शिकवत राहिलो, पण चढाईवाल्यांना नावं ठेवणं त्या दिवशी सोडलं.