सिताराची दोरी

नाशकात द्वारकेजवळ माझ्या लेथच्या गाळ्याला लागून सिताराचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान आहे. परवाना तिच्या नावावर, रीतसर. तरी गिऱ्हाईक आत शिरलं की विचारणार, मिस्त्री कुठंय? माझं डोकंच फिरतं. ती मात्र चष्मा चढवते आणि म्हणते, बोला.

तिचे अब्बा, महेबूबचाचा, कोपऱ्यात बसून असतात. एके काळी सगळ्या शहरात त्यांच्या हाताला तोड नव्हती. दुरुस्त केलेल्या बंदुकीची पहिली गोळी ते गिऱ्हाइकासमोर स्वतः खांद्याला लावून झाडायचे. बारा वर्षांपूर्वी अशाच एका गोळीला बंदूक फुटली आणि त्यांचा उजवा डोळा गेला. घरात सगळे त्याला नशीब म्हणतात.

मध्यंतरी प्रफुल्लशेठ आला, आजोबांची रायफल घेऊन. शंभर वर्षांची जुनी, एका वेळी एकच गोळी भरता येणारी. तिची काडतुसं आता मिळत नाहीत, म्हणून नळीतलं काडतुसाचं घर कोरून दुसरं काडतूस बसेल असं करायचं होतं. परवानगीचा कागद होता, पण शेठला काडतूस हवं आजकालचं, जोरदार, आणि कागदही त्याचाच. थोडं कोरलं की बसतंय की, हे त्याचं पालुपद. सितारानं गंधक ओतून घराचा साचा काढला, मापं घेतली, रंग लावून भेगा शोधल्या. भेग एकही नव्हती. तरीही तिनं नकारार्थी मान हलवली. एवढा दाब हे जुनं लोखंड झेलणार नाही. सौम्य काडतूस चालेल, कागद तसा बदलून आणा. शेठ तणतणत गेला. दुसरं कुणी हात लावेना, तेव्हा महिन्यानं निमूट कागद बदलून आला.

काम झालं. चाचणीच्या मंजूर जागी, मातीच्या बांधासमोर, सितारानं रायफल टायरला आवळली, घोड्याला लांबून ओढायची दोरी बांधली आणि मला, शेठला आणि सोबत आलेल्या चाचांना आडोशाला जायला सांगितलं. शेठ हसला. बाप खांद्याला लावायचा आणि पोरगी दोरी ओढणार? स्वतःच्याच कामाचा भरवसा नाही? खरं सांगतो, मीही हसलो. लाज वाटते आता.

सितारानं दोरी खाली ठेवली.

"अब्बांच्या हातातल्या बंदुकीतही काडतूस बसलं होतं," ती म्हणाली. "बसलं म्हणजे सोसतं असं नसतं. ते नशीब नव्हतं, चूक होती. मी ती करणार नाही. हसा तुम्ही खुशाल."

आणि बाप तिथंच उभा! बारा वर्षांत 'चूक' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढला नव्हता.

चाचा काठी टेकत पुढे आले. वाकून दोरी उचलली, हातानं मापली.

"आखूड आहे बेटा," ते म्हणाले. "अजून चार हात लांब घे."

शेठचं हसू मावळलं. दोरी वाढवली. पाच गोळ्या झाल्या. दर गोळीनंतर सितारा रिकामं काडतूस आणि घर तपासायची. रायफल जशीच्या तशी. मग कुणी सांगितलं नसताना तिनं सहावी खांद्याला लावून झाडली आणि रायफल शेठच्या हातात दिली.

चाचांनी तोवर दोरी गुंडाळून घेतली होती. दुकानात परतल्यावर त्यांनी ती आपल्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवली. आता चाचणी असली की ती काढून तेच देतात.