कामाचा हात कुठला?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी ठाकूर सिस्टर सुई टोचण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. "कामाचा हात कुठला?"

नवा माणूस गोंधळायचा. कोणी म्हणायचं, "दोन्ही." मग त्या म्हणायच्या, "दोन तर मलापण हायत. आधी दमतो कुठला, ते सांग." रांगेत हसू पिकायचं. त्या मात्र हसायच्या नाहीत. उत्तर मिळाल्यावर दुसऱ्या हाताची बाही वर करायला सांगायच्या.

हा प्रश्न त्या पहिल्यापासून विचारत नव्हत्या. तो कसा आला ते मला माहीत आहे, कारण त्यात माझाही वाटा आहे. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे.

सिस्टर आमच्या भागातल्या सरकारी नर्स. माहेर धरमतरच्या खाडीकडचं, मिठागरावर काम करणाऱ्या घरातलं. "पाय लहानपणीच मिठात गेले माझे," असं म्हणत त्या आमच्या गणपतीच्या कारखान्याच्या पायरीवर बसायच्या आणि चपला काढून तळवे चोळायच्या. एका चपलेचा अंगठा त्यांनी जखमेला टाके घालायच्या दोऱ्याने शिवला होता. खांद्यावर लसींचा निळा डबा, हातात पिशवी, आणि फाट्यापासूनची चाल. कोणी काही विचारायला आलं की आधी हात वर करायच्या. "बसूंदे गो जरा. मग काय ते बोल."

आमचं गाव जोहे. इथे घरटी कोणी ना कोणी गणपतीच्या कारखान्यात आहे. माझे बाबा आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात. रंगकाम पुष्कळांना येतं, पण डोळे सगळ्यांना जमत नाहीत. बाबा डावखुरे आहेत. प्लॅस्टरच्या धुळीत वर्षं काढून त्यांना दम लागतो, म्हणून आरोग्य खात्याने फ्लूची लस द्यायची यादी केली तेव्हा त्यात त्यांचं नाव होतं.

मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी होते. माझं अक्षर बरं म्हणून सिस्टरांनी मला नावं लिहायला बसवलं. पावसाच्या आधीचे दिवस, उकाडा भयंकर, आणि मूर्ती नेणारा परगावचा ट्रक दोन दिवसांवर आलेला. सिस्टर सकाळपासून तिसऱ्या ठिकाणी आल्या होत्या. "डावा हात, डावा हात," असं त्या न बघताच म्हणत होत्या. बाबांची पाळी आली. त्यांचं लक्ष मूर्तींकडे होतं. त्यांनी मुकाट्याने डावी बाही वर केली.

मला दिसलं. तोंडापर्यंत आलं. पण एवढ्या माणसांत सिस्टरांना मी काय सांगणार, असं वाटलं आणि मी खाली बघून पुढचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा हात खांद्यातून उचलेना. अंगात कणकणही होती. तरी ते बसले. एका मूर्तीचा डोळा तिरका गेला, तो पुसून पुन्हा काढला, तोही बिघडला. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवून दिला. ट्रक अर्धा रिकामा गेला. कारखान्याचे शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "सरकारी सुई घ्यायला बरा वेळ मिळतो तुम्हाला!"

सिस्टरांना कळलं तशा त्या आल्या. त्या दिवशी पायरीवर बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "शेठ, चूक माझी हाय. ह्यांना बोलू नका. मी विचारलं नाय." मला दिसलं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी त्या आल्या तेव्हा कोणीच पुढे झालं नाही. "हात दुखवून आमचं पोट कोण भरणार, सिस्टर?" एकाने टोमणा मारला. दुपार टळेपर्यंत त्या डब्याशेजारी बसून राहिल्या. मग चपला चढवल्या आणि भरलेला डबा उचलून चालत्या झाल्या. पाठमोऱ्या त्या मला एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

त्याच पावसाळ्यात बाबांना ताप भरला. दम असा वाढला की पेणच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे. मी रोह्याच्या कॉलेजातून सुटून थेट तिकडे जायचे. एकदा गेले तर सिस्टर खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या, झोप लागल्यासारख्या. जाग्या झाल्या तर "लस घेतली असती तर" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "चहा पी गो. तोंड बघ कसं झालंय," एवढंच.

बाबा बरे झाले, पण त्या वर्षी डोळे दुसऱ्यांनीच आखले.

त्याच्या पुढच्या वर्षी सिस्टर आल्या त्या अमावास्येच्या आदल्या दिवशी. आमच्या कारखान्यात अमावास्येला आखणी करत नाहीत. त्यांनी ते कोणाला तरी विचारून घेतलं होतं आणि दोन गावांचे दिवस बदलून घेतले होते. त्यांचे साहेब कुरकुरले म्हणे. सिस्टर म्हणाल्या, "कुरकुरू देत. चालायचं त्यांना हाय का मला?"

बाबांसमोर येऊन त्यांनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. "दादा, कामाचा हात कुठला?"

बाबांनी ब्रश खाली ठेवला. "डावा," म्हणाले, आणि उजवी बाही वर केली. "उद्या दुखला तरी उद्या सुट्टी हाय." मग मागचे एकेक करून उठले.

संध्याकाळी मी सिस्टरांना फाट्यावर सोडायला गेले. डबा माझ्या खांद्यावर होता. मी म्हटलं, "सिस्टर, मला एक सांगायचंय."

"बसूंदे जरा." त्या एसटीच्या थांब्यावर टेकल्या. मी सांगितलं. बाबा डावखुरे आहेत हे मला माहीत होतं, मी बोलले नाही, आणि ठपका तुमच्यावर आला.

त्या तळवा चोळत राहिल्या. "म्हाईत हाय. पेन तोंडात धरून बापाकडं बघत होतीस. मला वाटलं, पोरीला उकडत असंल."

"मग शेठसमोर बोलला का नाहीत?"

"काय बोलू? विचारायचं काम माझं होतं." एसटी दिसली तशा त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "पण पुढच्या वेळी बोल हां. मी दमलेली असते."

ती पुढची वेळ त्यांच्या वाट्याला आलीच नाही. त्या निवृत्त झाल्या आणि खाडीकडच्या घरी गेल्या. गुडघे गेलेत, असं ऐकते.

यंदा नव्या सिस्टर आल्या. वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्याही सकाळपासून दोन गावं करून आल्या होत्या, कपाळावर केस चिकटलेले. मी कॉलेज बुडवून नावं लिहायला बसले होते. त्यांनी सुई हातात घेतली आणि खाली बघतच म्हणाल्या, "चला, डावा हात."

रांगेत पहिले बाबा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. आवाज नीट निघाला नाही, तरी निघाला. "सिस्टर, आधी विचारा. कामाचा हात कुठला ते."