बर्फात पुरलेला कॅमेरा

आमचे बाबा, श्यामकांत विजयकर, यांच्याइतका सावकाश माणूस अख्ख्या अंधेरीत नसेल. एक कप चहा संपवायला अर्धा तास; आई नुसती धुसफुसायची. नोकरी कचेरीत नकाशे काढायची, जीव मात्र कॅमेऱ्यात. आता फोनवर पटापट फोटो काढणारे बघितले की मला उगाच राग येतो आणि बाबांची फार आठवण येते.

१९६९ च्या ऑक्टोबरातली ही गोष्ट त्यांनी मला कितीदा तरी सांगितली. वेसाव्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात मासळीसाठी नवी थंड खोली झाली होती आणि मालकाला तिचे फोटो हवे होते. तिथे यंत्रावर काम करणारा अनंता त्याच दिवशी सकाळी दहाच्या ट्रकने रत्नागिरीला निघणार होता, तिथल्या कारखान्याच्या यंत्रावर, दोन वर्षांसाठी. त्याची बायको सोनूबाई आमच्याकडे मासळी द्यायची. नवराबायकोचा जोडीने एकही फोटो नव्हता. "तेवढा काढल्याबिगर त्याला जाऊ देनार नाय," असं तिने बजावलं होतं आणि बाबांनी शब्द दिला होता.

साडेआठला थंड खोलीतलं काम संपलं. गार कॅमेरा तसाच दमट हवेत आणला तर भिंगावर दव धरतं, आतूनसुद्धा. फोटो धुरकट येतो आणि पुढे बुरशी लागते ती वेगळीच. म्हणून बाबांनी आतच कॅमेरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, झाकणाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली आणि डबा बाहेर सावलीत आणून ठेवला. आता कॅमेरा आतल्या आत बाहेरच्या हवेइतका कोमट होईपर्यंत तासभर थांबायचं. ते मालकाकडे चहाला गेले.

परत येऊन बघतात तर डबा झाकणापर्यंत बर्फाच्या चुऱ्यात पुरलेला. शेजारी सोनूबाई, अंगावर सगळे दागिने, केसांत अबोली.

"दादा, बर्फातली चीज अशी उघड्यावर टाकतात का? नासली असती ना," ती म्हणाली.

तिचं तरी काय चुकलं? जन्मभर तिने मासळी अशीच राखली होती. पण बाबांनी डबा उपसून काढला तर तो पुन्हा पहिल्यासारखा गार. ट्रकवाला भीमराज हॉर्न वाजवायला लागला.

"काढा की तसाच," अनंता म्हणाला.

"तसा काढला तर तू दिसणारच नाहीस रे."

मग आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी घाई केली. डबा काखोटीला मारला, ट्रकच्या मागे चढले आणि सोनूबाईला म्हणाले, "चल, चढ तू पण."

पवई आली तरी मांडीवरचा डबा गारच. त्यावर पाणी जमत होतं. बाबा रुमालाने टिपत होते, तळहात लावून बघत होते. समोर यंत्राच्या खोक्यावर ती दोघं खांद्याला खांदा लावून बसलेली. मुलुंडच्या जकात नाक्यावर गाड्यांची लांब रांग होती. तिथे कधीतरी पत्रा कोरडा, कोमट लागला. बाबांनी पट्टी सोडली. भिंग लख्ख होतं. दोन फोटो काढले आणि ट्रक अनंताला घेऊन ठाण्याकडे गेला.

परतीच्या बसमध्ये सोनूबाई पदराने डोळे पुसत होती. बाबांनी समजूत घातली, "फोटो चांगला येणार, बघशील तू."

"येवो नायतर नको, दादा," ती म्हणाली. "लग्नाला अकरा वर्सं झाली. तो कारखान्यात, मी बाजारात. त्याच्या बाजूला इतका वेळ मी आजच बसले."