पहिल्या रांगेतले मामंजी

कॉलेज लहान, पण हौस दांडगी. दर वर्षी बाहेरगावचा कोणी विद्वान महिनाभर पाहुणा म्हणून यायचा, आपला अभ्यास करायचा, मुलांशी गप्पा मारायचा आणि निघताना एक जाहीर व्याख्यान द्यायचा. या पाहुण्यांचं गेस्टहाउस जी सांभाळायची, तिला सगळे पाहुणेबाईच म्हणत. कोणाला उशी उंच लागते, कोण आंघोळ करताना गातं आणि त्याला गाऊ द्यावं, हे तिला बरोबर कळायचं. पण तिचं खरं कसब म्हणजे व्याख्यानाला हॉल भरणं.

मुलं मागच्या दाराने सटकायची. मग पाहुणेबाई घरची माणसं आणून बसवायची. विणकाम घेऊन जाऊबाई, शेजारपाजारच्या बायका आणि मामंजी, म्हणजे तिचे सासरे. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून मामंजींना वेळच वेळ होता. व्याख्यान सुरू झालं की ते पेंगायला लागत. संपत आलं की सूनबाई हळूच कोपर मारी. ते उठून उभे राहत आणि विषय कोणताही असो, गंभीर चेहऱ्याने विचारत, "ते सगळं ठीक आहे, पण याचं माणसानं करायचं काय?" विद्वान खूश होऊन जात.

मागच्या खेपेला कोपर जरा जोरात बसलं. मामंजी "मेलो, मेलो" म्हणत उठले आणि सगळा हॉल हसला. "मी काय भाड्यानं आणलेला श्रोता आहे?" असं घरी येऊन त्यांनी सुनावलं आणि कॉलेजची पायरी चढणं सोडलं.

यंदा प्राचार्य नवे आले होते. हॉल रिकामा राहिला तर हे पाहुण्यांचं प्रकरण बंद, गेस्टहाउसमध्ये झेरॉक्सची यंत्रं बसतील, असं त्यांनी सांगून टाकलं. पाहुणेबाई कुठे बसेल, ते त्यांनी सांगितलं नाही. तिला ते न सांगताच कळलं.

आणि आल्या कोण, तर काही वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या नकाशेवाल्या बाई. जुन्या नकाशांमधल्या चुकांचा त्यांचा अभ्यास. प्राचार्यांसमोरच बॅग खाली ठेवत त्यांनी विचारलं, "पहिल्या रांगेतले ते आजोबा कसे आहेत? त्यांचा प्रश्न काही पाठ सोडत नाही. यंदाचं व्याख्यान म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर आहे."

प्राचार्यांनी पाहुणेबाईकडे पाहिलं. "येतील ना ते?"

"येतील की," ती म्हणाली. आणि तिने तडक घर गाठलं.

घरी मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले. तिने माफी मागितली, जाऊबाईंनी रदबदली केली, तरी ढिम्म. शेवटी नकाशेवाल्या बाई मुद्दाम त्यांनाच उत्तर देणार आहेत हे ऐकल्यावर ते हळूच वळले.

"पहिली रांग?"

"पहिली."

"आणि कोपर?"

"नाही मारणार. शपथ."

व्याख्यानाला मामंजी इस्त्रीचा सदरा घालून आले. आजोबांच्या प्रश्नाला उत्तर आहे म्हटल्यावर मुलंही जमली होती. बाईंनी मामंजींना नमस्कार करून सुरुवात केली. दुसरा नकाशा पडद्यावर येईपर्यंत मामंजींची हनुवटी छातीला टेकली.

पाहुणेबाईचं कोपर शिवशिवलं. पलीकडे प्राचार्य, वर शपथ. तिने हात पदरात गुंडाळून ठेवला. चुकीच्या नकाशांनीच माणसाला वाट विचारायला शिकवलं, हे उत्तर बाईंनी मोठ्या जिव्हाळ्याने मांडलं आणि ते मामंजी सोडून सगळ्यांनी ऐकलं.

टाळ्या वाजल्या. मामंजी दचकून उठले आणि सवयीने उभे राहिले.

"ते सगळं ठीक आहे, पण याचं माणसानं करायचं काय?"

पाहुणेबाईने डोळे मिटून घेतले. नकाशेवाल्या बाई हसून म्हणाल्या, "म्हणजे तुमचं समाधान झालं नाही. खरंच आहे, उत्तर अपुरंच पडतंय. मला परत यावं लागेल." आणि त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. भरल्या हॉलसमोर प्राचार्यांना "अवश्य या" म्हणावंच लागलं.

घरी जाताना मामंजी फुरंगटलेलेच होते.

"बाई माझ्यासाठी एवढ्या बोलल्या आणि मी ठार झोपलो. एक कोपर मारायला काय झालं होतं तुला?"