ओठ दिसले पाहिजेत

चिंचपोकळीच्या त्या चाळीत आनंदीबाईंची एक तक्रार जुनी होती. शेजारच्या परबांच्या खोलीतून कधी कुणाचा आवाजच येत नाही. भांडण नाही, हाक नाही, पोरीला ओरडणं नाही. हरेश्वर परबांची बायको शेवंता होती तेव्हाही तसंच, ती गेल्यावर बाप-लेकीचंही तसंच. "बोलतात तरी का रे ही माणसं एकमेकांशी?" असं आनंदीबाई गॅलरीत उभ्या राहून विचारायच्या, आणि नेमके त्याच वेळी आत हरेश्वर आणि कालिंदी त्यांच्याच नव्या साडीबद्दल बोलत असायचे. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.

ही गिरणीतली बोली. मागांना तिथे साचे म्हणत, आणि साचेखात्यात सगळे साचे एकदम खडखडायला लागले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नसे. साच्यावरची माणसं मग घसा वाया घालवत नसत. चेहरा छपराच्या काचेकडे करायचा, म्हणजे उजेड तोंडावर पडतो, आणि ओठ सावकाश, नीट हलवायचे. दोन रांगा पलीकडचा माणूस ते वाचून घ्यायचा. मालवणाजवळच्या गावातून आलेले हरेश्वर ही बोली पटकन शिकले. कान सावकाश गेले, इतके सावकाश की जाताना कळलेच नाहीत. ब्याऐंशीचा संप झाला, साचे थांबले, आणि घरी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शेवंता मागून हाक मारते ती आपल्यापर्यंत येतच नाही.

गिरणी पुन्हा काही धड चालली नाही. हरेश्वरांनी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात रखवालदारी धरली. रखवालदाराला कान लागतात. आपल्याला ते नाहीत, हे त्यांनी तिथल्या मुकादमाला अखेरपर्यंत कळू दिलं नाही. कुणी काही बोललं आणि ते वाचता आलं नाही की ते हसून मान हलवायचे. मान हलवल्यावर माणसं पुढे काही विचारत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

संपानंतर जन्मलेली कालिंदी बोलायच्या आधी ओठ वाचायला शिकली. मोठेपणी ती परळच्या एका इस्पितळात नर्स झाली. एकदा बाहेरगावची बढती आली, ती तिनं घरी न सांगताच नाकारली. हरेश्वरांना ते फार उशिरा कळलं आणि ते बरेच दिवस तिच्याशी ओठसुद्धा हलवून बोलले नाहीत. आता नागपूरच्या नव्या इस्पितळात सगळ्या नर्सची प्रमुख म्हणून तिला बोलावणं होतं.

अडचण एकच होती. फोनवर बापाला ऐकू येत नाही. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यात जगातला सगळा खडखडाट एकदम घुसायचा, म्हणून ते कपाटात पडून होतं. मोबाइलवर चेहरा दिसायचा, पण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्यातलं तोंड नखाएवढं. राहिलं लिहून पाठवणं. कालिंदी 'ठीक आहे' असं लिहायची आणि हरेश्वरांचा त्यावर विश्वास नसायचा. 'ठीक आहे' म्हणताना ओठांचे कोपरे कुठे जातात ते त्यांना बघायचं असे.

"मोठ्या पडद्यावर माझं बोलणं तुम्हाला वाचता आलं तर जाते," कालिंदी म्हणाली. "नाही तर नाही जात. मग कुरकुर करायची नाही."

ठरलं असं की चांगल्यातला एक लॅपटॉप घेऊन घरी ठेवायचा, आणि तिनं नागपूरहून मोबाइलवरून बोलायचं.

दादरला कबुतरखान्यामागच्या गल्लीत रघुवीरचं दुकान होतं. माणूस बोलका, पण मिशी वरच्या ओठावर उतरलेली, त्यामुळे हरेश्वरांना त्याची अर्धी वाक्यं मिशीतच अडकलेली दिसायची. उरलेली कालिंदी मुक्यानं सांगायची.

पहिला लॅपटॉप पातळ, वहीसारखा हलका. कालिंदीनं तो उचलला आणि खाली ठेवायला थोडा वेळ घेतला. स्वतःसाठी घ्यायचा असता तर तिनं हाच घेतला असता. पण त्याच्या पडद्याच्या कडा इतक्या बारीक की कॅमेऱ्याला वर जागाच नव्हती. तो खाली, बिजागरीपाशी बसवला होता. हरेश्वर त्यासमोर बसले.

"ह्यात माझ्या नाकपुड्या आधी येतत," ते म्हणाले. "ओठ मागसून."

"काका, कडा बारीक पाहिजे तर कॅमेरा कुठे जाणार?" रघुवीर म्हणाला. "एक घेतलं की एक सोडावं लागतं."

दुसऱ्याचा पडदा सगळ्यात मोठा, साठवणूकही भरपूर, पण काच आरशासारखी. दुकानाची ट्यूबलाइट बरोबर चेहऱ्याच्या मध्ये यायची. शिवाय चालू कामासाठीची मेमरी कमी, त्यामुळे चित्र मध्येच थबकायचं, आणि थबकलं की तोंड उघडं ते उघडंच.

तिसरा जाड आणि जड. बॅटरी बेताची, साठवणूक बेताची. पण मेमरी दुप्पट, पडद्याला चकाकी नाही, कॅमेरा वर आणि चित्र स्वच्छ. हरेश्वर त्यात स्वतःकडे बघत बराच वेळ ओठ हलवत राहिले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघू लागली.

"ह्यो घे गो," ते म्हणाले. "सगळा वाचूक येता."

कालिंदी हसायला लागली. "बाबा, तुम्ही स्वतःचेच ओठ वाचताय. तुम्ही काय बोलणार ते तुम्हाला आधीच माहीत असणार ना."

ती आपला मोबाइल घेऊन बाहेर फुटपाथवर गेली आणि तिथून तिनं त्या जड लॅपटॉपवर फोन लावला. पडद्यावर तिचा चेहरा आला. मागे रस्त्याचं ऊन, पुढे काळपट तोंड, त्यात काहीतरी हललं. हरेश्वर हसले. त्यांनी मान हलवली, वर अंगठाही दाखवला.

कालिंदी आत आली. "काय बोलले मी?"

"जेवलात काय, म्हटलंस."

"मी म्हटलं, मी नागपूरला जात नाही."

रघुवीरनं उगाच काउंटर पुसायला घेतलं.

"मान काय," हरेश्वर म्हणाले, "ती सवयीन हलता."

"तेच तर. तिकडे मी आजारी आहे म्हणून सांगितलं तरी तुम्ही अंगठा दाखवणार."

मग रघुवीरनं लॅपटॉपच्या माथ्यावरच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं आणि मिशी वर उचलून एकेक शब्द सांगितला. "काका, हा डोळा तुमचा चेहरा ताईंना दाखवतो. तुम्हाला ताईंचा बघायचाय ना? मग चांगला डोळा तिकडे पाहिजे."

हरेश्वरांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावून दोनदा वाचलं, आणि मग ते स्टुलावर बसले. साचेखात्यात नव्या माणसाला पहिली अक्कल हीच शिकवत. उजेडात उभं राहायचं ते बोलणाऱ्यानं. वाचणारा कुठेही असला तरी चालतं. त्यांनी स्वतः कितीजणांना दंडाला धरून छपराच्या काचेखाली उभं केलं होतं. आणि इथे मघापासून ते आपल्याच तोंडावर उजेड पाडत बसले होते.

"ह्यो लॅपटॉप माझ्या चेडवाबरोबर जाऊ दे," ते म्हणाले. "माका नुसतो पडदो व्हयो."

"आणि हा दगड मी पाठीवर वाहू?" कालिंदी म्हणाली. "मला हलका पाहिजे होता."

रघुवीरनं काउंटरखालून एक जुना लॅपटॉप काढला. कुणीतरी नव्याच्या बदल्यात दिलेला. दोन कळा नाहीत, बॅटरी संपलेली, वायर लावली तरच चालतो. पडदा मात्र रुंद, बिनचकाकीचा. "फक्त याचा कॅमेरा मेलाय," तो म्हणाला. "बाहेरून वेगळा लावता येतो, हवा तर."

"मग मला बाबा दिसणार नाहीत," कालिंदी म्हणाली. एवढं एकच वाक्य ती बापाकडे तोंड न करता बोलली.

पण दुकानाच्या काचेत तिचे ओठ हरेश्वरांना दिसले.

"माका बघून काय करतलंस?" ते म्हणाले. "तुका कान आसत मा? आयक."

जड लॅपटॉप दोन्ही हातांत धरून कालिंदी पुन्हा बाहेर गेली. या वेळी तिनं उन्हाकडे तोंड केलं. जुन्या रुंद पडद्यावर तिचा चेहरा मोठा झाला, इतका की डाव्या भुवईवरची लहानपणची खोकही दिसली. तिनं ओठ हलवले. हरेश्वरांची मान हलायला लागली, मग ती त्यांनी थांबवली.

"तुझ्या आवशीन पाण्याचे हंडे वाह्यले, चाळीचो जिनो चढान," ते पडद्याला म्हणाले. "एक लॅपटॉप तुका जड होता?"

फुटपाथवर कालिंदीनं लॅपटॉप सावरून धरला. मग पुन्हा काहीतरी बोलली.

"नाय," हरेश्वर म्हणाले. "ता नाय चलाचा. तू जायचं."

ती दिवाळीनंतर नागपूरला गेली. वेगळा कॅमेरा कधीतरी लावू, असं ठरलं होतं. तो अजून लागलेला नाही. तिकडे तिनं लॅपटॉप खिडकीसमोर ठेवलाय, कारण उजेड तोंडावर पडायला हवा. जुन्या सवयीनं ती आवाज न काढताच बोलते. इकडून मात्र आवाज काढावाच लागतो, आणि आपला आवाज केवढा निघतो हे हरेश्वरांना कळत नाही.

"जेवलंस काय? खोटा बोला नको, ओठ दिसतत माका."

आनंदीबाई आता गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. परवा त्यांनी खोलीत डोकावून सांगितलं, परब, जरा हळू बोला, सगळ्या चाळीला ऐकू जातंय. सावली पडली तसे हरेश्वर दाराकडे वळले. आनंदीबाई उजेडाकडे पाठ करून उभ्या होत्या. हरेश्वरांनी हसून मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.