सुमनबाईंचा उजवा हात

इथे लोक लिहितात ते अनुभव मी नेहमी वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या मिलच्या गेटवर दर शनिवारी लिंबू-मिरची टांगली जाते आणि दर शनिवारी मी मालकांना विचारतो, मागच्या आठवड्याच्या मिरचीत काय कमी पडलं होतं... देव मी मानत नाही असंही नाही. घरी गणपती बसतो, बायकोच्या उपासाची साबुदाणा खिचडी मीच जास्त खातो. पण कुणी 'अनुभव आला' म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — कॅमेरा होता का?

माझ्या बाबतीत कॅमेरा होता. घोळ तिथंच झाला.

मी जळगावला एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. अठरा वर्षं झाली. डाळ मिलचं काम माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. तूर आणली आणि भरडली, असं होत नाही. तिला तेल-पाणी लावून मुरवत ठेवावं लागतं. त्यासाठी पत्र्याच्या मोठ्या टाक्या असतात, दोन मजली घराएवढ्या उंच. वरून माल पडतो, टाकी खाली निमुळती होत जाते आणि तिच्या तोंडाशी एक सरकता गेट असतो. आता ओलसर तूर कधी कधी आतल्या आत कमान धरते. वरून बघावं तर टाकी भरलेली, खालून मात्र दाणा येत नाही. मग एक जण वरच्या झाकणातून आत उतरतो आणि बांबूने ढोसून, पायाने दाबून ती कमान मोडतो.

यासाठी नियम आहेत. मीच पाटीवर रंगवून घेतलेत. गेट पूर्ण बंद, कमरेला पट्टा, वर दुसरा माणूस. पण प्रत्यक्षात कुठल्याही मिलमध्ये जा, गेट चार बोटं उघडाच ठेवतात. पूर्ण बंद केला तर माल सुटला हे खालच्याला कळणार कसं? आणि एकदा दाणा यायला लागला की खालचा माणूस गेट लगेच सताड उघडतो, म्हणजे पुन्हा अडकायला नको. हे चूक आहे हे सगळ्यांना माहीत असतं. सगळे तसंच करतात. मीही.

आता सुमनबाई. पिंपळनेरच्या पुढे डोंगराकडे त्यांचा मूळ पाडा आहे. ख्रिस्ती कुटुंब. नवरा वारलेला, मुलगी धुळ्याला नर्सिंग शिकते. आमच्याकडे त्या डाळ निवडायला होत्या. तीन वर्षांपूर्वी रिक्षा उलटली आणि त्यांच्या उजव्या खांद्याच्या नसा गेल्या. तेव्हापासून तो हात नुसता लोंबता. बोटं मिटायची नाहीत. बसताना डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवायच्या, पिशवी ठेवावी तसा. वेणी शेजारची बाई घालून द्यायची. काम मात्र डाव्या हाताने करायच्या आणि नजर अशी पक्की की त्यांच्या सुपातून खडा सुटलेला मी पाहिला नाही.

जेवायच्या आधी त्या प्रार्थना करायच्या. त्यासाठीही आधी डाव्या हाताने उजवा उचलायचा, समोर आणायचा, त्याची बोटं डाव्या बोटांत अडकवायची, मग डोळे मिटायचे. बाकीच्या बायकांची अर्धी भाकरी होऊन जायची तोवर. मी एकदा चेष्टेने म्हणालो होतो, "सुमनबाई, एका हाताची प्रार्थना देव घेत नाही का?" त्या हसल्या होत्या. "घेस ना भाऊ. पन त्यानी दोन दिधेल शेतस, तं दोन्ही दखाडना पडतस." त्याने दोन दिलेत, तर दोन्ही दाखवावे लागतात, असं.

टाकीचा प्रकार घडला त्याच दिवशी सकाळी दहाला मी त्यांना कामावरून काढलं.

निवडायचं मशीन आलं होतं. दहा बायकांचं काम एकटं करतं. मालकांनी नावं काढायला सांगितली आणि मी काढली. पहिलं नाव सुमनबाईंचं, कारण उघड होतं. नव्या मशीनजवळच उभं राहून मी त्यांना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. मुलीचं शेवटचं वर्ष आहे हे मला माहीत होतं. त्या फक्त "बरं भाऊ" म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. रडल्या नाहीत याचं मला बरं वाटलं. असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

दुपारी दीडच्या सुमारास तीन नंबरची टाकी अडकली. आत उतरणारा माणूस रजेवर होता. स्टोअरकीपर किल्ली घेऊन जेवायला गेलेला, त्यामुळे पट्टा नाही. खाली गेटवर युनूसभाई, आमचे जुने ऑपरेटर. मी म्हटलं पाच मिनिटांचं काम आहे, आणि वर चढलो. झाकणातून आत उतरलो. तूर झाकणापासून जेमतेम चार फुटांवर होती. बांबू मारला, पाय आपटले. काही हलेना.

तेवढ्यात वरच्या प्लॅटफॉर्मवर सुमनबाई आल्या. शिडी एका हाताने चढून.

"भाऊ, तुमनासंगे बोलनं शे."

"दोन मिनिटं थांबा," मी वर न बघता म्हणालो.

आणि कमान मोडली.

हे कसं वाटतं ते सांगणं अवघड आहे. पायाखालची जमीन जात नाही, पाय जमिनीत जातात. आधी गुडघे, मग कंबर. तूर सगळीकडून दाबते. मी ओरडलो, पण माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या आवाजात खाली काही पोचत नव्हतं. खाली युनूसभाईंना दाणा येताना दिसला आणि त्यांनी नेहमीप्रमाणे गेट सताड उघडला. छातीपर्यंत गेलो. श्वास सोडला की तेवढी जागा तूर घेत होती, परत भरता येत नव्हता. हात वर केला होता तेवढाच मोकळा.

तो कुणीतरी धरला.

सुमनबाई झाकणावर पालथ्या पडल्या होत्या. डोकं आणि एक खांदा आत. मनगट पकडलेलं. चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर आणि डोळे उघडे. त्या त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलत होत्या, आमच्याशी बोलायच्या त्या अहिराणीत नाही. मला त्यातलं फक्त 'बापा' कळलं, देवाला त्या तशीच हाक मारतात, तेच सारखं. ओरडत नव्हत्या. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं चाललं होतं. त्या आत ओढल्या जातील हे मला दिसत होतं. मी म्हणालो, सोडा. दोनदा म्हणालो. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. पकड मात्र तसूभर हलली नाही.

मग माझी चप्पल गेटमधून खाली पडली. युनूसभाई नंतर म्हणाले, "भाऊ, डाळीमें चप्पल देखी और मेरी तो जान गई." त्यांनी गेट बंद केला, मशिनं थांबवली, माणसं गोळा केली. गॅस कटर लावता येत नव्हता. डाळीच्या धुळीला ठिणगी लागली तर सगळी मिल उडेल. त्यामुळे टाकीच्या बाजूच्या प्लेटांचे गंजलेले नटबोल्ट पान्याने एकेक सोडवले. प्लेट निघाली की तिथून तूर वाहायची, आणि ती वाहायला लागली की मी पुन्हा खाली ओढला जायचो. एकदा हनुवटीपर्यंत गेलो. वर जागा एकाच माणसाची, सुमनबाई हलायला तयार नाहीत. तूर कमरेखाली उतरली तेव्हा कुठं दोर टाकून मला काढलं. कॅमेऱ्याच्या घड्याळाप्रमाणे एकूण एक्केचाळीस मिनिटं.

मला अंगणात बसवलं. सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या. युनूसभाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्या उजव्या हाताशी नेला. त्यांनी डावा हात पुढे करून घेतला. उजवा मांडीशेजारी पडलेला, तळवा वर, बोटं सुटी. आणि तेव्हा, एवढं सगळं होऊन गेल्यावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मला कोणत्या हाताने धरलं होतं.

मला वाटलं चुकतोय. दुसऱ्या दिवशी फुटेज काढलं. प्लॅटफॉर्मवर कॅमेरा आहे, माल चोरीला जाऊ नये म्हणून. त्यात स्वच्छ दिसतं. डाव्या हाताने त्यांनी कठड्याचा खांब धरलाय. उजवा हात झाकणातून आत. एक्केचाळीस मिनिटं हात बदललेला नाही. माझ्या मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ पंधरा दिवस होते. अंगठ्याची जागा बघून डॉक्टरांनीही सांगितलं, उजवा हात.

मी स्वतःहून त्यांना धुळ्याला घेऊन गेलो, त्यांच्यावर आधी उपचार केलेल्या डॉक्टरांकडे. नसांची तपासणी झाली. रिपोर्ट तीन वर्षांपूर्वी होता तसाच. मी मोबाइलवर क्लिप दाखवली. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली, मग मला विचारलं, "ही एडिट केलीय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "या हाताने हे होत नाही." आणि दुसरा पेशंट आत बोलावला.

माणूस संकटात ताकद काढतो हे मीही ऐकलंय. पण ताकद स्नायूत असते, आणि स्नायूला निरोप पोचवणारी नसच नाही. माझे पाय कशावर तरी टेकले असतील, असंही म्हणून पाहिलं. टाकी रिकामी झाल्यावर टेप लावून मोजली. पायांखाली अजून सात फूट होते आणि आतली शिडी आम्ही मागच्याच वर्षी काढलेली. अंग दाबून धरलेलं असताना माणूस आपोआप थांबतो, हेही खरं, पण प्लेटा निघताना मी खाली जात होतो आणि थांबत होतो. का थांबत होतो, ते मनगटाला कळत होतं.

धुळ्याहून परत येताना बसमध्ये मी सुमनबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "धरं तं बापानी. मी नुसती मधमा व्हती." मी म्हटलं, मग तो हात पुढेही चालता का नाही ठेवला त्याने? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "माले तो हात नही भेटना तरी चालस भाऊ. तो मनावर माया करस, हाई माले मालूम शे." तो माझ्यावर माया करतो हे मला माहीत आहे, म्हणे. मला राग आला होता, त्यांच्यासाठी. त्यांना आलेला दिसला नाही.

त्यांची नोकरी राहिली. यादी मी फाडली असं लिहिता आलं असतं तर शोभलं असतं. खरं म्हणजे मालकांनीच नाव खोडलं, आणि आता त्या मशीनने बाद केलेला माल पुन्हा बघायला बसतात.

पुढे कापणीच्या सणाला त्यांनी आम्हाला पाड्यावर बोलावलं. मी आणि बायको गेलो. पत्र्याचं छोटं प्रार्थनाघर, समोर नागली, भात, भोपळे मांडलेले. उपासना झाली, मग सगळ्यांबरोबर जेवण. सुमनबाई आमच्या पंगतीत बसल्या. मी बरेच दिवस मनात ठेवलेलं विचारलं. त्या दिवशी वर कशाला आला होतात?

त्यांनी भाताचं पातेलं जवळ ओढलं.

"खरं सांगू? भांडाले येल व्हती मी. सकायपाईन पोटमा आग व्हती. घास उतरना नही. आनि तुमी खाले जाताना दिखनात, तवय मना मनमा पहिले काय उनं, सांगू का? जाऊ दे म्हनं."

जाऊ दे याला खाली, असं. माझ्या बायकोने हातातला घास खाली ठेवला.

"मंग मीच घाबरनू. म्हनं, बापा, पहिले हाऊ राग काढ. मंग तुनाकडे हात मांगसू."

"आणि दिला त्याने," मी म्हणालो.

"राग काढा त्यानी. एकदम काढा." त्यांनी डाव्या हाताने मला भात वाढला. "हात मांगाना तं ऱ्हाईच गया भाऊ. राग गया तवय दखं, तं तुमना हात मना हातमा व्हताच."

हात मागायचा राहूनच गेला. राग गेला तेव्हा पाहिलं, तर तुमचा हात माझ्या हातात होताच. एवढं बोलून त्या आमटी आणायला उठल्या.

नसांचं काय झालं ते उद्या एखादा डॉक्टर समजावून सांगेलही. तशी मी अजून वाट बघतोय. पण सकाळी दहाला ज्याने आपल्या पोटावर पाय दिला, त्याच्यावरचा राग दुपारी दीडला, तो माणूस बुडत असताना, एका क्षणात कसा जातो? मला दोन धड हात आहेत. त्यांच्या जागी मी असतो तर सोडून दिलं असतं, एवढं मला माहीत आहे. बाकी कशाचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.