एक्क्याण्णवावरची फुली

ताईचं मनगट ठणकत होतं, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात लाल पेन उचललं. "आण इकडे. सहावीच्या वह्या तपासायला काय डोकं लागतं?"

डोकं लागतं. प्रश्न होता, ९१ चे मूळ अवयव पाडा. एकेचाळीस पोरांनी 'ही मूळ संख्या आहे' म्हणून हात झटकले होते. दोनाला, तिनाला, पाचाला दाद न देणारी ती संख्या. मलाही तिचा चेहरा मूळचाच वाटला. एकेचाळीस वह्यांवर बरोबरची खूण केली आणि एका मुलीच्या ७ × १३ वर भली थोरली फुली मारली.

ताई तीस वर्षं हेच शिकवतेय. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, गुडघे कधीच खालच्या मजल्यावर राहिलेले. टेबलाच्या खणात बाटल्यांची झाकणं. बारा झाकणं द्यायची, सारख्या रांगा लावायला सांगायच्या. दोन रांगा, तीन रांगा, चार रांगा, पोरं खूश. मग तेरा द्यायची. कशीही मांडा, एकच लांबलचक ओळ.

"बाई, ही एकटीच राहणार?"

"एक असतो की तिच्या सोबतीला. बस खाली."

हा विनोद ती दरवर्षी करते. आता स्वतः हसत नाही, एवढंच.

वह्या वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई घरी आली ती चप्पल न काढताच माझ्यापुढे उभी राहिली. "हे बघ." फुलीखालचं ७ × १३ खोडरबरानं घासघासून पुसलेलं, कागद पार झिरझिरीत झालेला. त्यावर बारीक अक्षरात 'मूळ संख्या'.

"शेवटच्या बाकावरची आहे. आठ महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं काही लिहिलं होतं तिनं. आता पुन्हा शेजारणीचं बघून लिहील."

मी तेराचा पाढा मनात म्हणून पाहिला. सातव्या पायरीवर घाम फुटला.

सकाळी ताईनं घरातली, शेजारची झाकणं गोळा केली, खणातल्यांत भर घालून एक्क्याण्णव केली आणि ती त्या मुलीच्या बाकावर ओतली. पोरीनं सात रांगा लावल्या. प्रत्येकीत तेरा. एकही उरलं नाही. अख्खा वर्ग माना उंचावून बघत होता.

"मग बाई, ती फुली?" पोरीनं विचारलं.

"ती चुकली," ताई म्हणाली, आणि पुसलेल्या जागी पुन्हा ७ × १३ लिहायला लावलं.

हे सगळं तिनं संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून, डोळे मिटूनच सांगितलं. मला मात्र वेगळीच धास्ती.

"ताई, फुली मी मारली, हे नाही ना सांगितलंस वर्गात?"

"मी मारली म्हणाले, तुला कोण ओळखतं तिथं!"